शेवटचा हप्ता फिटला

खोपोली,
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय बाळ्या,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, रागावू नकोस. पाऊस लागला की आम्ही घरी कमी आणि बोरघाटात पडलेल्या, बंद पडलेल्या गाड्या काढण्यात जास्त असतो, हे तुला नव्याने सांगायला नको. उद्या राखी, ताई आलीय, स्वयंपाकघरात नारळ खवणं चाललंय आणि दुपारपासून एकही फोन आला नाही. तेवढ्यात लिहायला बसलो.

आधी बातमी सांगतो. मोठ्या क्रेनचा शेवटचा हप्ता मागच्या आठवड्यात फिटला. अण्णांनी पावती देव्हाऱ्यात ठेवली, हात जोडले आणि म्हणाले, "आज नाना हवे होते." तुझे नाना. १९९१ साली पतपेढीने जामीन मागितला तेव्हा सख्ख्या नातेवाइकांनी तोंड फिरवलं होतं. नाना सही करून आले, आमच्या ओट्यावर चहा प्यायले आणि त्या सहीबद्दल एक अक्षरही न बोलता घरी गेले. आईला ते अजून आठवतं. तुला हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

त्या पैशांतून घेतलेली शक्तिमान आठवते ना? लष्कराच्या लिलावातला ट्रक, मागे गर्डर वेल्डिंग करून उभी केलेली घोडी आणि तिला टांगलेली चेनपुली. साखळी ओढून आपल्या दोघांच्या तळहातांना फोड यायचे. एक भरलेला ट्रक रस्त्यावर आणायचा तर सकाळची संध्याकाळ व्हायची. आता दारात सात गाड्या उभ्या असतात, दोन मोठ्या क्रेन, एक छोटी हायड्रा क्रेन, गाडी पाठीवर घेऊन जाणाऱ्या चार फ्लॅटबेड. अकरा माणसं कामाला आहेत. फोन आणि हिशेब वहिनी बघते. रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसाकडून नेमकं ठिकाण, गाडीचं मॉडेल आणि कोणाला लागलंय का, हे ती इतक्या शांतपणे काढून घेते की ऐकत राहावं. आधी तिचा प्रश्न माणसांचा असतो. लागलेलं असेल तर १०८ ला फोन, मग आमची गाडी.

मधला काळ सोपा नव्हता. २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पुरा सुरू झाला तेव्हा घरात कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. जुन्या हायवेवरची गर्दी गेली, तर आपल्याला कोण विचारणार? पण आडोशी ते खंडाळा या टप्प्यात दोन्ही रस्त्यांची वाहनं एकत्रच येतात. डिझेल वाचवायला ड्रायव्हर उतारावर गाडी न्यूट्रल करतात. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनरचा जळका वास सुटतो, आणि मग पाय दाबून काही उपयोग नसतो. घाट तोच राहिला, म्हणून आमचं काम राहिलं. पुढे गाड्यांना रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या कंपन्या आल्या, त्यांच्यामुळे मोटारींचं काम वाढलं. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढत नेली तर गिअरबॉक्स जातो. विजेच्या गाडीची चाकं फिरली की मोटरही फिरते, म्हणून ती उचलूनच न्यावी लागते. त्यामुळे फ्लॅटबेड घेत गेलो. एका कंपनीने मात्र आमचे आठ महिन्यांचे पैसे अडकवले. त्या वर्षी वहिनीचे दागिने गहाण पडले. ते सोडवून आणले त्या दिवशी दादा रडला.

या जुलैतली एक रात्र सांगतो. कांद्याचा ट्रक, पुण्याकडून वाशीला चाललेला, वळणावर आडवा झाला. आम्ही पोचलो तेव्हा ड्रायव्हर दुभाजकावर भिजत बसला होता आणि त्याचे हात थरथरत होते. अण्णांनी त्याच्या खांद्यावर पोतं टाकलं, थर्मासमधला चहा दिला, स्वतःच्या फोनवरून त्याच्या घरी बोलणं करून दिलं. मग गाडीमालकाला फोन लावून किती पैसे होतील ते सांगितलं. हुक लावायच्या आधी भाव सांगायचा, हे अण्णांनी शक्तिमानच्या दिवसापासून पाळलंय. अपघातानंतर भांबावलेल्या माणसाला रात्रीच्या अंधारात तोंडाला येईल तो आकडा सांगणारे लोक या धंद्यात आहेत. आमच्या दारात सात गाड्या उभ्या राहिल्या त्या अण्णांच्या या सवयीमुळे. ज्याला एकदा नीट भाव सांगितला, तो मालक वीस वर्षं आम्हालाच फोन करतो.

आधी पोती उतरवून घेतली. मग पट्टे चासीला लावले, बॉडीला नाही. बॉडीला लावले तर पत्रा फाटून येतो. एका क्रेनने वरून ओढायचं आणि दुसरीने उलट बाजूने धरून ठेवायचं, नाहीतर सरळ होणारा ट्रक त्याच जोरात पलीकडे आदळतो. वायर ताणली की तिच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. २००९ साली वायर तुटून दादाच्या पोटरीवर बसली होती, पाऊस आला की तो अजून लंगडतो. त्या रात्री टायर रस्त्याला टेकले तेव्हा कांद्याच्या आणि डिझेलच्या वासाने घसा भरून आला होता. ब्रेकची हवा गेल्यामुळे मागची चाकं जाम. आमच्या गाडीची हवा पाइपने ट्रकच्या टाकीत भरली, ब्रेक सुटले, प्रॉपेलर शाफ्ट खोलला आणि टोचन लावून ओढत पहाटे साडेचारला खाली आणला. येताना अण्णांनी नेहमीप्रमाणे शिंग्रोबाला नाणं वाहिलं. ज्या धनगराने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली असं सांगतात, त्याच्यापुढून ते हात न जोडता कधी गेले नाहीत.

आता एक विचारायचंय. द्रुतगती मार्गाच्या नव्या जोडरस्त्याचं, मिसिंग लिंकचं, काम जोरात आहे. १३.३ किलोमीटरचा रस्ता, दोन बोगदे, त्यातला मोठा जवळजवळ नऊ किलोमीटरचा. तो सुरू झाला की बरीच वाहतूक घाट टाळून जाईल. दादा म्हणतो धंदा निम्मा होईल. अण्णा ऐकून म्हणाले, "घाटात माणसं मरायची थांबली तर मी शिंग्रोबाला नारळ फोडीन." मलाही तसंच वाटतं, पण अकरा चुली आपल्यावर आहेत. बोगद्यात क्रेनचा बूम वर करता येत नाही, तिथे खालून उचलणारी अंडरलिफ्टची गाडी लागते. ती घ्यायची तर पुन्हा मोठं कर्ज. तू बँकेत इतकी वर्षं काढलीस, कागद बघून मला खरं काय ते सांग. मन राखण्यासाठी बोलू नकोस.

आणि दसऱ्याला ये. १२ ऑक्टोबर, शनिवार. शक्तिमान कधीच भंगारात गेली, पण तिचा हुक अण्णांनी ठेवलाय. दरवर्षी गाड्यांच्या आधी त्याला हळदकुंकू लागतं. यंदा ते नानांच्या नावाने तू लावायचंस, असं अण्णांनी ठरवलंय. नागपूरहून विदर्भने कल्याणला उतर, तिथून खोपोली लोकल मिळेल. स्टेशनवर मी येतो.

काकूंना साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद. वहिनी हाक मारतेय, बोगद्याअलीकडे एक टेम्पो बंद पडलाय. निघतो.

तुझा,
बापू