बाबा, तुम्ही रात्री हात का झटकायचात ते आता कळलं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, मागच्या पत्रातलं अक्षर माझं वाटत नाही, असं म्हणून तू फोनवर दोनदा विचारलंस, कुणाकडून लिहून घेतलंस का ग? नाही, माझंच होतं. बोटांना पेन नीट लागत नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. घाबरू नकोस. मनगटातून जाणारी एक नस दबली होती, ती मोकळी केली. टाके निघालेत, सूज उतरतेय. हे पत्र मात्र चार बैठकांत लिहितेय, तेव्हा ओळी वर-खाली गेल्या तर तेवढं चालवून घे.

नस कशानं दबली ते सांगायचं तर आधी एक जुनी गोष्ट कबूल करायला हवी. तेरा वर्षं मी तुम्हाला ‘गाड्यांच्या कंपनीत आहे’ एवढंच सांगत आले. तुम्ही टेबल-खुर्ची आणि कॉम्प्युटर डोळ्यासमोर आणलात आणि मी तो समज मोडला नाही. मी गाड्या जोडायच्या लाइनवर काम करते. हातात हवेची नटगन, पायात लोखंडी टोपीचे बूट, आणि समोरून न थांबता सरकत येणाऱ्या गाड्या. बाबा, प्रेसवर उभं राहून तुम्ही मला डिप्लोमा करू दिलात तो मुलीला हातांनी राबावं लागू नये म्हणून. म्हणून जीभ रेटली नाही. यांची नोकरी २००९ च्या मार्चमध्ये गेली, तेव्हाही ‘ऑफिस बदललं’ एवढंच सांगितलं होतं. ऑफिसच बंद झालं होतं. सुटे भाग बनवणारी ती छोटी कंपनी पुन्हा उघडली नाही. दोन वर्षं जे मिळेल ते काम यांनी केलं, आणि मग मिशिगनमधल्या या प्लांटमध्ये भरती निघाली तेव्हा मी अर्ज भरला.

बाबा, परवा तुम्ही विचारलंत, ‘तिकडच्या सरकारनं गाडीवाल्यांना एवढा पैसा दिला, तो परत आला की बुडाला?’ फोनवर मी विषय बदलला, कारण याचं उत्तर माझ्या हातापर्यंत येतं आणि तेव्हा हाताचं सांगायचं नव्हतं. आता सगळं सांगते.

२००८ च्या उन्हाळ्यात इथे पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं. डेट्रॉइट या गाड्यांच्या शहरातल्या कंपन्या ज्या मोठ्या गाड्यांवर जगत होत्या त्यांचं गिऱ्हाईक पळालं. पाठोपाठ बँका कोसळल्या आणि गाडीसाठी कर्ज मिळेना. २००७ मध्ये या देशात एक कोटी साठ लाखांच्या आसपास गाड्या खपल्या होत्या, २००९ मध्ये एक कोटी चार लाख. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लरचे तिन्ही प्रमुख खासगी विमानांनी वॉशिंग्टनला गेले आणि संसदेपुढे २५ अब्ज डॉलर मागितले. विमानांवरून गदारोळ झाला, म्हणून पुढच्या महिन्यात ते गाड्यांनी गेले. या विमानांची गोष्ट इथे अजून सगळे सांगतात. मला त्यात फारसा रस नाही. त्या दिवसांत कामगारांबद्दल जे बोललं गेलं ते मला जास्त लागतं.

वर्तमानपत्रांत, टीव्हीवर, सिनेटमध्ये (म्हणजे इथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात) एकच आकडा फिरत होता : डेट्रॉइटचा कामगार ताशी ७० डॉलर कमावतो. लोक चिडले. स्वाभाविक होतं, त्यांतल्या बहुतेकांचे स्वतःचे पगार वीसच्या पुढे नव्हते. पण जुन्या कामगाराच्या हातात ताशी साधारण २८ डॉलर पडत होते. उरलेला आकडा कुठून आला? त्याचा ओव्हरटाइम, रजा आणि विमा त्यात धरला, आणि वर निवृत्त झालेल्या लाखो म्हाताऱ्या कामगारांची पेन्शन आणि औषधपाणी, हाही खर्च काढून लाइनवर उभ्या असलेल्यांच्या तासांनी भागला. माणसं कमी होत गेली तसा तो आकडा फुगत गेला. म्हणजे जे तीस वर्षं राबून घरी बसले त्यांचं औषध शेजारच्या तरुणाच्या पगारात मोजलं, आणि वर त्यालाच महागडा ठरवलं. बाबा, तुम्ही हिशोबाला पक्के आहात. तुम्हीच सांगा, असा हिशोब कोण मांडतं?

११ डिसेंबरच्या रात्री सिनेटमध्ये बोलणी फिसकटली तीही यावरच. दक्षिणेकडच्या राज्यांत परदेशी कंपन्यांचे कारखाने आहेत, तिथे युनियन नाही. त्या कारखान्यांइतके पगार २००९ मध्येच खाली आणा, असा काही सिनेटरांचा आग्रह होता. युनियन म्हणत होती, आमचा करार २०११ ला संपतो, तोवर थांबा. अखेर अध्यक्ष बुश यांनी १९ डिसेंबरला बँकांसाठी काढलेल्या ७०० अब्जांच्या निधीतून १७.४ अब्ज डॉलरचं कर्ज जाहीर केलं, १३.४ जनरल मोटर्सला आणि ४ क्रायस्लरला. फोर्डनं त्या निधीतून काही घेतलं नाही. त्यांनी २००६ मध्येच कारखान्यांपासून कंपनीच्या निळ्या चिन्हापर्यंत सगळं गहाण टाकून पैसे उभे केले होते. ओबामा आल्यावर आणखी पैसे आले आणि अटीही कडक झाल्या. क्रायस्लरनं ३० एप्रिल २००९ ला दिवाळखोरी जाहीर केली, जनरल मोटर्सनं १ जूनला. त्यानंतर वर्षाहून जास्त काळ जनरल मोटर्सचे जवळजवळ ६१ टक्के समभाग अमेरिकी सरकारच्या नावावर होते.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर : गाडीधंद्यात मिळून सुमारे ८० अब्ज गेले आणि ७० च्या आसपास परत आले. जनरल मोटर्समधले शेवटचे समभाग सरकारनं डिसेंबर २०१३ मध्ये विकले, तेव्हा त्या एका कंपनीवर साडेदहा अब्जांची खोट निघाली. मला विचाराल तर सरकारनं पैसे दिले ते बरोबरच केलं. त्या हिवाळ्यात इथल्या गल्ल्यांत घरांपुढे लागलेल्या ‘विकणे आहे’च्या पाट्या मी पाहिल्यात. दिले नसते तर सुट्या भागांच्या कंपन्या ओळीनं पडल्या असत्या, आणि त्यांच्यामागे कदाचित फोर्डही. मी आज जे खाते ते त्या पैशांतून वाचलेल्या कारखान्याचं आहे, हे मी विसरत नाही.

पण त्या कर्जाचे हप्ते कुणी कुणी भरले, हे त्या ७० अब्जांत दिसत नाही. मार्च २००९ मध्ये, सरकारनं सावरलेल्या एआयजी या विमा कंपनीनं आपल्या लोकांना १६.५ कोटी डॉलर बोनस वाटला. देशभर संताप झाला तेव्हा सांगण्यात आलं, करार झालेले आहेत, करार मोडता येत नाहीत. त्याच महिन्यांत गाडीकामगारांचे करार मात्र पुन्हा उघडायला लावले. महागाई भत्ता बंद झाला. पैसे घेतलेल्या दोन्ही कंपन्यांत २०१५ पर्यंत पगारासाठी संपावर जाणार नाही, हे लिहून द्यावं लागलं. नव्या माणसाला अर्धा पगार ही रीत २००७ च्या करारातच आली होती, सरकारी मदतीवर तिचं खापर फोडणं खोटं होईल. पण पुढची भरती झाली ती त्याच रीतीनं.

त्या भरतीत मी होते. पहिल्या दिवशी ज्या माणसानं मला काम शिकवलं तो माझ्या शेजारच्या स्टेशनवर, तीच गाडी, तेच बोल्ट. त्याला ताशी २८, मला साडेपंधरा. त्याला पेन्शन, मला नाही. तो भला माणूस होता. पहिल्या आठवड्यात माझी गाडी मागे पडायला लागली की स्वतःची संपवून माझे दोन बोल्ट आवळून द्यायचा. आमच्या पगारातला फरक कळल्यावर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही, जणू त्यानंच काही चोरलं होतं. त्याच्याइतका पगार व्हायला मला आठ वर्षं लागली, आणि तोवर दोन्ही खांद्यांची ऑपरेशनं होऊन तो निवृत्त झाला होता.

आता काम काय ते सांगते, आई, म्हणजे तू उगाच भलतंसलतं मनात आणणार नाहीस. साधारण मिनिटाला एक गाडी येते. मी आत वाकते, सीटचे चार बोल्ट आवळते, बाहेर येते, पुढची गाडी. पाळीत चारशेच्या वर गाड्या, म्हणजे सोळाशेच्या वर बोल्ट. वाकण्याचा त्रास होतो, पण तो खरा त्रास नाही. बोल्ट पुरा बसला की गन थांबण्याआधी एक हिसका देते आणि तो मनगटात येतो. एक हिसका काहीच नाही, लहान मूल बोट ओढतं तेवढाच. सोळाशे हिसके, आठवड्याचे पाच दिवस, ओव्हरटाइम असला तर सहा. लाइन तुमच्यासाठी थांबत नाही. तहान लागली, नाक खाजलं, घरून वाईट फोन आला, गाडी येतच राहते. सुरुवातीला मला झोपेतही गाड्या सरकताना दिसायच्या.

युनियनच्या सुरक्षा वर्गात एकदा सांगितलं होतं, ते माझ्या मनातून जात नाही. पुन्हापुन्हा एकच हालचाल करून जी दुखणी होतात त्यांच्यासाठी कामगार सुरक्षा खात्यानं नोव्हेंबर २००० मध्ये देशभरासाठी नियम आणला होता. मार्च २००१ मध्ये संसदेनं तो रद्द केला. नुसता रद्द नाही, संसदेच्या नव्या मंजुरीशिवाय तसाच नियम पुन्हा आणता येणार नाही अशा कायद्याखाली रद्द केला. सात वर्षांनी त्याच सभागृहांनी आमच्या कामाचा तास किती डॉलरला पडतो ते मोजलं. त्या तासात मनगट किती झिजतं, हे त्या मोजणीत कुठेच नव्हतं. माझं भांडण त्या मदतीशी नाही, या मोजण्याशी आहे. आजारी कंपनीला सरकार तपासतं, तिचं कर्ज हलकं करतं, तिला उभं राहायला वेळ देतं. माझा हात बधिर झाला तेव्हा तो कामामुळेच झाला हे सिद्ध करायला मला पाच महिने कागद फिरवावे लागले.

गाडीकामगारांचा २०२३ चा संप तुम्ही टीव्हीवर पाहिलात आणि आई, तू विचारलंस, तुमच्याकडे काही गडबड नाही ना? आमचा प्लांट संपात उतरला नव्हता, पण पाळी संपल्यावर मी संपावरच्या दुसऱ्या प्लांटच्या गेटवर जाऊन उभी राहत असे. त्या सहा आठवड्यांत २५ टक्के वाढ कबूल झाली, २००९ मध्ये थांबलेला महागाई भत्ता परत आला, आणि नव्या माणसाला पुऱ्या पगारासाठी आता आठऐवजी तीन वर्षं लागतील. आमच्याकडे नवी भरती झालेली एक पोरगी ते वाचताना रडली. मीही रडले, माझी ती पाच वर्षं तर आता येणार नव्हती.

हे सगळं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे, बाबा. डॉक्टरांनी मला पहिल्या भेटीत विचारलं, रात्री जाग येते का आणि मग हात झटकता का, थर्मामीटर झटकतात तसा? मी हो म्हटलं आणि एकदम तुम्ही दिसलात. मी सहावी-सातवीत असेन. रात्री पाणी प्यायला उठले की तुम्ही अंधारात अंथरुणावर बसून उजवा हात झटकताना दिसायचात. मी विचारलं की म्हणायचात, मुंग्या आल्यात, झोप तू. आई म्हणायची, सवय आहे त्यांची. सवय नव्हती ती. प्रेसवर वीस वर्षं काढलेल्या हाताची ती नस होती. आम्हा कुणाला कधी कळलं नाही, आणि तुम्हीही कुणाला दाखवलं नाहीत.

मला डॉक्टरांनी जे विचारलं तेच आता तुम्हाला विचारते, आणि ‘काही नाही ग’ असं उत्तर नको. आई, बाबांकडे लक्ष ठेव. कपाची पकड सुटते का? शर्टाचं बटण लावायला तुला बोलावतात का? अंगठ्याखालचा मांसल भाग दोन्ही हातांचा शेजारी धरून बघ, उजवीकडे सपाट झालाय का? आणि बाबा, बधिर होतात ती बोटं नेमकी कोणती? अंगठा, त्याच्या शेजारचं आणि मधलं बधिर होऊन करंगळी सुटत असेल, तर ती हीच नस. रविवारी फोन करेन तेव्हा करंगळीचं आधी सांगा.

तुमची,
ताई