वीज गेली की वीज ऐकू येते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्याच्या रविवार पुरवणीत आपण छापलंत की पृथ्वीच्या हृदयाचे ठोके सेकंदाला ७.८ होते, ते आता ३६ वर गेलेत आणि म्हणून माणसांना झोप लागेनाशी झाली आहे. आमच्या सौ.नी तो लेख कापून फ्रिजवर चिकटवला. रोज दूध काढताना तो दिसतो, म्हणून हे पत्र.

७.८ हा आकडा खरा आहे, पण त्यात हृदयबिदय काही नाही, विजा आहेत. जगभरात कुठे ना कुठे सेकंदाला चाळीस-पन्नास वेळा वीज चमकते. तिच्यातून प्रकाशाबरोबर रेडिओ लहरीही निघतात. खाली जमीन आणि वर आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, या दोन भिंतींमध्ये त्या कोंडल्या जातात आणि पृथ्वीला वळसा घालतात. घेर ४० हजार किलोमीटर, वेग सेकंदाला ३ लाख. भागाकार केला तर सेकंदाला साडेसात फेऱ्या येतात. हिशोब ढोबळ आहे, भिंती पक्क्या नसल्याने आणि पृथ्वी गोल असल्याने त्यात कमी-जास्त होतं, पण मुद्दा कळतो. जर्मनीतल्या शूमान या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये हे गणिताने मांडलं, पुढे ते मोजलंही गेलं. १४, २०, २६ आणि ३३ च्या आसपासही असेच सूर असतात, तंबोऱ्यात खर्जाबरोबर वरचे सूर ऐकू यावेत तसे. आलेखात ते दिसले म्हणजे ठोके वाढले असं नव्हे. ७.८ चे ३६ व्हायचे तर पृथ्वीचा घेर नऊ हजार किलोमीटरच्या आत यावा लागेल. तसं झालं तर बरंच आहे म्हणा, इंदूरहून रात्रीच्या बसमध्ये बसलं की डोळा लागायच्या आत पुणं येईल.

मी टेलिफोन खात्यात ३४ वर्षं काढली. सुरुवातीला खंडवा रोडवर खांबांवरच्या उघड्या तारांची लाइन होती. मे अखेरीला कानाला रिसीव्हर लावला की कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज यायचा आणि आकाश मात्र कोरं. आम्ही त्याला नुसतं 'डिस्टर्बन्स' म्हणायचो आणि रजिस्टरात तसं लिहून मोकळे व्हायचो. पहिल्या महायुद्धात शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकणाऱ्या जर्मन सैन्यालाही असेच आवाज आले होते, मधूनच शिट्ट्याही. बार्कहाउझेन नावाच्या शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये त्यावर लिहिलं. ती तडतड लांबवरच्या विजांची आणि त्या शिट्ट्याही विजेच्याच. आपल्या अक्षांशावर त्या दुर्मीळ. चार वर्षं कान लावून बसलोय, मला एकही मिळालेली नाही.

तडतड मात्र हवी तेवढी मिळते. जुन्या खिडकीची सागवानी चौकट, तिच्यावर मोटर वाइंडिंगच्या तारेचे साठ वेढे, पुढे छोटा अॅम्प्लिफायर आणि तिथून लॅपटॉपच्या माइकच्या भोकात. एवढंच यंत्र. रेडिओ लहर असली तरी तिची कंपनं सेकंदाला काही हजार, म्हणजे कानाच्या टप्प्यातली. त्यामुळे स्टेशन लावायची भानगड नाही. लॅपटॉपच्या पडद्यावर या आवाजाचा आलेखही उमटतो, आडवी वेळ आणि उभी कंपनं. त्यात १८.२ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १८,२०० कंपनांवर, एक सरळ रेघही दिसते. ती तामिळनाडूतल्या विजयनारायणम इथून नौदल आपल्या पाणबुड्यांना पाठवत असलेल्या संदेशांची.

अडचण एकच, शहर. घराघरातल्या तारांची ५० हर्ट्झची घरघर आणि तिची १००, १५० अशी पिलावळ सगळ्यावर बसते. शेजारचा इन्व्हर्टर, एलईडी दिवे, कुणाचा तरी चार्जर. चौकट फिरवून घरघर थोडी कमी होते, संपत नाही. पण जूनमध्ये पहिलं वारं सुटलं की कॉलनीची वीज जाते, आणि मग लॅपटॉपच्या बॅटरीवर जे ऐकू येतं त्याला तोड नाही. मी जिन्याच्या खोलीत बसलेलो, खालून कुणीतरी ओरडतो, 'भिया, लाइट कब आएगी?' आणि माझ्या मनात, न येवो अजून अर्धा तास.

अशाच एका रात्री नातवाला पडद्यावर दाखवलं. दिवसा प्रत्येक वीज म्हणजे एक उभी रेघ. रात्री लांबवरच्या विजेची रेघ खाली येता येता उजवीकडे वळते, छत्रीच्या मुठीसारखी, आणि कानाला 'टिंव' असा पाण्यात खडा टाकल्यासारखा आवाज येतो. ती मूठ १७०० हर्ट्झच्या जवळ वळली होती. जमीन आणि छत यांच्यात त्या लहरीची निम्मी लांबी मावते, म्हणून वेगाच्या निम्म्याला, दीड लाखाला, १७०० ने भागायला सांगितलं. त्याने मोबाइलवर भागलं आणि म्हणाला, "आजोबा, ८८." रात्री आयनांबराचं छत जमिनीपासून साधारण तेवढेच किलोमीटर वर असतं. भंगारातल्या खिडकीने आकाशाची उंची मोजली म्हणून पोराने दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना सांगितलं.

माझ्या चौकटीला ७.८ चा सूर ऐकू येत नाही, हेही सांगतो. तो इतका क्षीण असतो की त्यासाठी हजारो वेढ्यांची कॉइल आणि वस्तीपासून लांबची जागा लागते. त्यामुळे लेखाच्या शेवटी पृथ्वीचे ठोके मोजणारं म्हणून जे मोबाइल अॅप सुचवलंय, ते काय मोजतं ते त्या अॅपलाच ठाऊक.

चार ओळींचा खुलासा छापावा, त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात. फ्रिजवर लावायचा आहे. आणि पुरवणी पाहणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना हे प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर खुशाल यावं. जवळपास गडगडत असेल तर येऊ नये, तेव्हा मी स्वतःच तार काढून ठेवतो. लांबवर कुठे चमकत असेल आणि सुदामानगरची वीज गेली असेल तर मात्र जरूर या. बेल वाजणार नाही, खालून हाक मारा.

आपला,
एक निवृत्त टेलिफोनवाला
सुदामानगर, इंदूर