दुसरी किल्ली

चि. चिऊस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, परवा फोनवर मी जे बोलले ते तसं बोलायचं नव्हतं. तू फोन ठेवलास त्यानंतर बाबा काही म्हणाले नाहीत, पण उठून आतल्या खोलीत गेले. ते तसे उठून गेले की माझं काय चुकलं ते मला कळतं. फोनवर पुन्हा बोलायला बसले तर पुन्हा तेच तोंडात येईल, म्हणून लिहिते आहे. लिहिलेलं खोडता तरी येतं.

तू किती सहज सांगितलंस, "मागच्या आठवड्यात ताप होता, आता बरी आहे." मी खोदून विचारलं तेव्हा कळलं की तीन दिवस ताप 103 च्या आसपास होता आणि शनिवारी तू अंथरुणातून उठलीच नाहीस. त्यावर मी विचारलं काय, तर दाराला आतून कडी होती का. तुला राग आला. येणारच. तुला वाटलं, आईला माझ्या तापापेक्षा कडीचं पडलंय. खरं सांगू, मला त्या क्षणी कडीचंच पडलं होतं. आतून कडी, दुसरी किल्ली कोणाकडे नाही, ऑफिसला दोन दिवस सुट्टी. सोमवारपर्यंत कोणाला काय कळलं असतं?

असो. हे लिहायचं नाही असं ठरवून बसले होते.

तू तिकडे गेलीस याला माझा विरोध नव्हता, हे मात्र तू लक्षात ठेव. आत्या म्हणाली होती की महानगरातली नोकरी सोडून लहान गावी जाणं म्हणजे पुढे जायचं सोडून मागे जाणं. मी तिला तिथेच सांगितलं की ते गाव नाही, शहर आहे, आणि माझी मुलगी तिथे पूल बांधायला चालली आहे. दादाने तेव्हा मुद्दाम शोधून काढलं होतं, मध्यम शहर म्हणजे नक्की केवढं. ओईसीडी ही देशोदेशींची आर्थिक संघटना 2 ते 5 लाख वस्तीच्या शहरी भागाला मध्यम म्हणते. तो वाचून दाखवत होता आणि मी मनात म्हणत होते, एवढी माणसं आहेत म्हणजे माझ्या पोरीला चार तरी मिळतीलच.

मिळाली का गं? सात महिने होत आले.

पहिल्या महिन्यातले तुझे फोन मला अजून आठवतात. घरापासून ऑफिस पंधरा मिनिटं, चालत. संध्याकाळी उजेड असताना घरी. खिडकीतून झाड दिसतं. आधीच्या शहरात तुझे रोज अडीच तास प्रवासात जायचे. घरी आल्यावर तू बूट न काढता पलंगावर आडवी व्हायचीस आणि मी फोनवर नुसता तुझा श्वास ऐकायची. तेव्हा मला वाटायचं, हिला कोणीतरी थोडा वेळ आणून द्यावा. तो वेळ तुला या शहराने दिला. भाडं कमी, खोली मोठी, हवा बरी. तू म्हणालीस, "आई, मला दिवस पुरतो आता." ते वाक्य मी बाबांना तीनदा सांगितलं.

मग हळूहळू तुझे फोन संध्याकाळी सातला यायला लागले. रोज सातलाच. आई म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, आणि होतही होता. पण सात वाजता रोज आईला फोन करणाऱ्या मुलीला दुसरं कोणी बोलायला नसतं, हे मला माहीत आहे. मी तशीच आजीला रोज पत्र लिहायची.

तुला हे कधी नीट सांगितलेलं नाही. 1991 साली बाबांची बदली झाली, तेव्हा दादा दीड वर्षाचा होता, तू नव्हतीस. तेही असंच मधलं शहर होतं. पहिले दोन महिने मला फार आवडलं. रस्ते पाठ व्हायला आठवडा पुरला. बाजार, पोस्ट, दवाखाना, सगळं पायी. बाबा सहाला घरी यायचे. मग सहा ते दहा या चार तासांचं काय करायचं ते कळेना. जिन्यात बायका भेटायच्या, हसायच्या, बाळाची चौकशी करायच्या. रविवारी मात्र सगळा वाडा गजबजलेला आणि आमचं दार बंद. कोणाची शाळेपासूनची मैत्रीण, कोणाचे चुलतभाऊ, कोणाची बहीण दोन गल्ल्या सोडून. त्यांची आयुष्यं माणसांनी आधीच भरलेली होती.

लहान गावात नवं माणूस आलं की सगळे विचारतात, कोण, कुठली, कशाला आली. नको इतकं विचारतात, पण विचारतात. महानगरात निम्मे लोक बाहेरून आलेले असतात, त्यामुळे एकटे एकट्यांना हुडकून काढतात. या मधल्या शहरात तसं काही होत नाही. तिथे बहुतेक प्रत्येकाचं कोणी ना कोणी असतंच, म्हणून तुझंही असेल असं लोक धरून चालतात. ती माणसं वाईट नसतात गं. त्यांना सुचतच नाही.

मला हे त्या रात्री कळलं. बाबा दौऱ्यावर होते. दादाचा ताप चढला आणि त्याचं अंग एकदम ताठ झालं, डोळे वर गेले. मी त्याला उचलून तशीच धावत खालच्या मजल्यावर गेले आणि दार बडवलं. हाक मारायला मला त्या बाईंचं नाव माहीत नव्हतं. सात महिने एकाच जिन्यावरून चढत-उतरत होतो आम्ही. "अहो, अहो" करत राहिले. त्या अनवाणी बाहेर आल्या, त्यांच्या यजमानांनी गाडी काढली, डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत दादा रडायलाही लागला होता. डॉक्टर म्हणाले, तापातला झटका आहे, लहान मुलांना येतो, बहुधा काही मिनिटांत थांबतो आणि मागे काही ठेवत नाही. परत आलो तर आमचं दार ओढलं जाऊन बंद झालेलं आणि किल्ली आत. पहाटेचे तीन. त्या बाईंनी आपलं अंथरूण मला दिलं आणि स्वतः खुर्चीत बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा येईपर्यंत मी त्यांच्याच घरी होते. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही कधी काही मागायलाच आला नाहीत. मला वाटलं, तुम्हाला माणसं लागत नाहीत."

मी दुसरी किल्ली त्यांच्याकडे ठेवली. आमची बदली होईपर्यंत ती त्यांच्या आरशाशेजारच्या खिळ्याला होती. आम्ही तिथून निघालो त्या दिवशी ती परत घेताना मला रडू आवरेना. बाबांना वाटलं सामान हलवून दमले.

म्हणून मी कडीचं विचारलं, चिऊ. आता तरी राग जाईल?

दादाने परवा आणखी एक सांगितलं, ते मला फार पटलं. जेफ्री हॉल म्हणून अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातले एक प्राध्यापक आहेत. नुकतंच गाव बदललेल्या लोकांना त्यांनी प्रश्न विचारले आणि 2018 साली ते प्रसिद्ध केलं. नुसत्या ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला सुमारे 50 तास एकत्र घालवावे लागतात, खऱ्या मैत्रीला 90 च्या आसपास आणि अगदी जिवलग व्हायला 200 च्या वर. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास त्यात फारसे धरता येत नाहीत. गप्पा, हसणं, रिकामं बसणं, हे धरायचं. मी लगेच हिशेब केला. तुझे रोजचे दोन तास प्रवासातून वाचले. वर्षाचे कामाचे 250 दिवस धरले तर 500 तास झाले. दोन जिवलग मैत्रिणी त्यात होतात आणि वर शंभर तास झोपायला उरतात. त्या शहराने तुला दिलेला वेळ मला या एका गोष्टीसाठी हवा आहे. तू तो लॅपटॉपवर आणि माझ्याशी बोलण्यात घालवू नकोस.

बघ, लागले सांगायला. पण थोडं सांगू दे. एकदाच कुठेतरी जाऊन तास जमत नाहीत. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, त्याच माणसांत जावं लागतं. पोहायला जा, गाणं पुन्हा सुरू कर, वाचनालयात बस, काहीही. पहिल्या चार-पाच वेळा अवघडल्यासारखं होईल, घरी येऊन म्हणशील की उगाच गेले. तरी सहाव्यांदा जा. मधल्या शहरात तीच माणसं सारखी भेटतात, बाजारात, बँकेत, रस्त्यावर. महानगरात हे मिळत नाही. सहाव्यांदा भेटलेलं माणूस आपोआप थांबतं. आणि शेजारी काहीतरी मागायला जा. शिडी माग, सुईदोरा माग. तुझ्याकडे सगळं असतं हे मला माहीत आहे. तरी माग.

नोकरीचंही एक मनात आहे. तुझं काम करणारी तिथे दोनच ऑफिसं आहेत, असं तू म्हणाली होतीस. मोठ्या शहरात भांडण झालं की माणूस रस्ता ओलांडून दुसरीकडे जातो. तिथे रस्त्यापलीकडचा माणूस तुझ्या साहेबांचा वर्गमित्र निघेल. तेव्हा शब्द जपून वापर. मान खाली घालून राहा असं नाही म्हणत, आणि तुला ते जमणारही नाही, ते बाबांचं रक्त आहे. फक्त बाहेरगावच्या तुझ्या जुन्या लोकांशी संबंध तोडू नकोस. आणि घर विकत घ्यायचं जे तुझ्या मनात घोळतं आहे, ते दोन वर्षं थांबव. स्वस्त दिसतं म्हणून घेतलेलं घर विकायची वेळ आली की तिथे गिऱ्हाईक लवकर मिळत नाही. बाबांच्या मित्राचं चार वर्षं पडून होतं.

झालं, पुरे. तू तीस वर्षांची आहेस आणि नदीवर पूल उभा करतेस. तू पाठवलेल्या नकाशाचा कोपरा बाबांनी मोठा करून छापून आणला, जिथे आराखडा करणाऱ्याच्या जागी तुझं नाव आहे. टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते काही सांगत नाहीत, पण त्याला टेबलाशी बसवतात. तू लहानपणी पाटावर पट्टी ठेवून त्यावरून दादाच्या मोटारी नेत होतीस, आणि पट्टी वाकली की खाली काडेपेटी लावत होतीस. ती काडेपेटी कुठे लावायची हे तुला कोणी शिकवलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. मला तेव्हाच वाटलं होतं, ही फार लांब जाणार.

फक्त तापाचं एवढं लक्षात ठेव. पॅरासिटामॉल दिवसभरात मिळून 4 ग्रॅमच्या वर कधीच घ्यायचं नाही, म्हणजे 500 च्या जास्तीत जास्त आठ गोळ्या, आणि दोन गोळ्यांच्या वेळांत चार ते सहा तास जाऊ द्यायचे. पाणी पीत राहायचं. ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही तर डॉक्टरांकडे. श्वास लागला किंवा मान ताठ झाली तर तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तिथे कोणता मोठा डॉक्टर कोणत्या वारी येतो आणि रात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे बरी आहेस तेव्हाच विचारून ठेव. आजारी पडल्यावर विचारायला अंगात त्राण नसतं.

आणि आम्हाला सांग. काळजी वाटू नये म्हणून तू लपवलंस, हे मला समजतं, मीही आजीपासून ती रात्र दोन वर्षं लपवली होती. पण आता तुझा सातचा फोन आला की मी आधी आवाज ऐकते, शब्द नंतर. तू नीट आहेस असं म्हणालीस तरी माझा विश्वास बसत नाही. हे मला नको आहे आणि तुलाही नको असेल.

बाबा म्हणताहेत, पत्र पुरे कर आणि किल्लीचा विषय काढू नकोस. नाही काढत. तुझ्या समोरच्या दारात त्या बाई राहतात ना, ज्यांच्या कुंड्या तुला आवडतात, त्यांचं नाव काय एवढं कळव.

तुझी,
आई

ता. क. निळ्या बॅगेची चेन दुरुस्त करून आणली आहे. दादा पुढच्या महिन्यात येईल तेव्हा पाठवते. तो दोन दिवस राहणार आहे, तेव्हा तुझ्या घराची एक जास्तीची किल्ली त्याच्याकडून करून घे. ती कोणाला द्यायची ते तू ठरव.