अमेरिकन कॉलेजची ऑफर: जाहिरातीचा करार वेगळा, भरतीचा भाव वेगळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेत कॉलेजचा एखादा खेळाडू लाखो डॉलरच्या करारासाठी विद्यापीठ बदलतो, अशा बातम्या आता आपल्याकडच्या क्रीडा पानांवरही दिसू लागल्या आहेत. त्या वाचून टेनिस, गोल्फ, जलतरण, अ‍ॅथलेटिक्स खेळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांना वाटतं की तिथली शिष्यवृत्ती मिळाली की पाठोपाठ जाहिरातीचे पैसेही येणार. हा समज महागात पडू शकतो. त्या रकमांमध्ये जाहिरातीचा भाग थोडा आणि भरतीचा फार मोठा असतो. शिवाय विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलाच्या हाती तो पैसा बहुधा येत नाही, त्या पैशाने बदललेले नियम मात्र त्याला पूर्ण लागू होतात.

मुळात खेळाडूंना पैसे मिळणं न्याय्यच होतं, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. तिकिटं आणि दूरचित्रवाणी हक्क यांतून विद्यापीठं अब्जावधी डॉलर मिळवत होती, आणि खेळाडूने स्वतःची सही विकली तरी तो अपात्र ठरत होता. युसीएलए या लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःची हुबेहूब आकृती दिसली आणि २००९ मध्ये तो न्यायालयात गेला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने पहिला कायदा केला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या विरोधात एकमताने निकाल दिला. तो निकाल शैक्षणिक लाभांपुरताच होता, पण संघटनेचा धीर सुटला आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख वापरून कमावण्याची मुभा मिळाली. यालाच तिथे ‘एनआयएल’ म्हणतात.

जाहिरातीसाठी नाव वापरू देण्याचा भाव किती असतो, याचं एक स्वच्छ उदाहरण आहे. जुलै २०२४ मध्ये ईए स्पोर्ट्स या कंपनीचा कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा) व्हिडिओ गेम आला. आपलं नाव आणि चेहरा वापरू देणाऱ्या प्रत्येक खेळाडूला कंपनीने ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत दिली. हजारो खेळाडूंनी ते घेतले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. शाळेत शिकणारा क्वार्टरबॅक (फुटबॉल संघात चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) जेडन रशाडा याच्याशी फ्लोरिडा विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी केलेला करार १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरचा होता. ही दुसरी रक्कम कुठल्याही वस्तूच्या खपाशी जोडलेली नव्हती. ती त्याने त्या विद्यापीठात यावं यासाठी होती. करार फिसकटला, रशाडा दुसऱ्या विद्यापीठात गेला आणि मे २०२४ मध्ये त्याने प्रशिक्षकासह संबंधितांवर फसवणुकीचा दावा लावला.

असे करार करायचे ते ‘कलेक्टिव्ह’. धनाढ्य माजी विद्यार्थी आणि चाहते एक संस्था काढतात, वर्गणी गोळा करतात आणि खेळाडूशी ‘जाहिरात करार’ करतात. त्याबदल्यात खेळाडूने दोन पोस्ट टाकायच्या, एखाद्या कार्यक्रमाला जायचं. भरतीसाठी आमिष दाखवायचं नाही, हा नियम कागदावर होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतल्या संघीय न्यायालयाने त्याच्या अंमलबजावणीला मनाई केली, आणि प्रवेशाआधीच कलेक्टिव्हशी रकमेची बोलणी करायला खेळाडू मोकळा झाला.

पैशाइतकाच दुसरा बदल महत्त्वाचा होता. पूर्वी प्रमुख खेळांत विद्यापीठ बदललं की वर्षभर बाहेर बसावं लागे. २०२१ मध्ये एकदा बदलण्याची सूट मिळाली आणि २०२४ पासून, अभ्यासात पात्र असल्यास, कितीही वेळा. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि भरतीचं गणितच फिरलं. अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन दोन-तीन वर्षं घडवायचं आणि तो तयार झाला की दुसऱ्याने जास्त पैसे देऊन न्यायचा, यापेक्षा दुसरीकडे तयार झालेला बावीस वर्षांचा खेळाडू थेट उचलणं प्रशिक्षकाला परवडतं. त्यामुळे शाळेतून येणाऱ्यांच्या जागा घटल्या. मधल्या दर्जाच्या विद्यापीठांचे उत्तम खेळाडू दरवर्षी वर ओढले जातात. प्रशिक्षकाच्या जोडीला आता व्यावसायिक संघांसारखा जनरल मॅनेजर असतो. स्टॅनफर्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला माजी क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला त्या पदावर आणलं. करही भरतीत उतरला. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसीत वैयक्तिक आयकर नाही, तर कॅलिफोर्नियात वरचा दर १३.३ टक्के आहे. आर्कन्सा राज्याने २०२५ मध्ये खेळाडूंचं हे उत्पन्न राज्याच्या आयकरातून वगळलं.

६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या ‘हाउस’ खटल्यातली तडजोड मंजूर केली. आपल्याकडच्या पालकांनी सगळ्यात नीट समजून घ्यावी ती हीच गोष्ट. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई दहा वर्षांत मिळायची आहे. १ जुलै २०२५ पासून विद्यापीठ स्वतः खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं; २०२५-२६ साठी त्याची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. प्रत्येक खेळाच्या शिष्यवृत्त्यांवर पूर्वी असलेल्या मर्यादेपेक्षा जास्त दिलेल्या शिष्यवृत्त्या त्यातच धरल्या जातात, २५ लाख डॉलरपर्यंत. राहिले १ कोटी ८० लाख. मोठ्या विद्यापीठांत रूढ झालेली वाटणी साधारण अशी: ७५ टक्के फुटबॉल, १५ टक्के पुरुष बास्केटबॉल, ५ टक्के महिला बास्केटबॉल आणि उरलेल्या सगळ्या खेळांना मिळून ५ टक्के. म्हणजे ९ लाख डॉलर. उरलेल्या खेळांत तीनशे खेळाडू धरले तर माणशी वर्षाला तीन हजार डॉलर, तेही समान वाटले तर.

बाहेरच्या करारांवर आता चाळणी आहे. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा करार झाला की तो डेलॉइट या लेखापरीक्षण व सल्लागार कंपनीने उभारलेल्या ‘एनआयएल गो’ या यंत्रणेत पाच कामकाजी दिवसांत नोंदवावा लागतो. तिथे पाहतात ते असं: पैसे देणारा विद्यापीठाशी संबंधित आहे का (आयुष्यभरात ५० हजार डॉलरहून जास्त देणगी दिलेली व्यक्तीही संबंधितच धरतात), असल्यास करारामागे लोकांना विकायची खरी वस्तू वा सेवा आहे का, आणि रक्कम तशाच खेळाडूंना मिळणाऱ्या रकमेच्या पट्ट्यात बसते का. ‘नाव आत्ता राखून ठेवतो, कुठे वापरायचं ते पुढे ठरवू’ अशा मजकुराचा करार अडकतो. करार अडला तर तो बदलायचा, रद्द करायचा किंवा लवादाकडे जायचं. तसाच रेटला तर खेळण्याची पात्रता धोक्यात. मंजुरी येण्याआधीच हाती आलेला पैसा खर्च करणं ही इथली नेहमीची चूक.

आता टेनिसकडे वळू, कारण महाराष्ट्रातून अमेरिकन कॉलेजांत जाण्याची वाट या खेळात जुनी आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली, अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून. त्यांच्या वेळी अव्वल विभागात पुरुष टेनिसला एका संघामागे साडेचार शिष्यवृत्त्या होत्या आणि त्या आठ-दहा जणांत वाटल्या जात. महिला टेनिसला आठ होत्या आणि त्या डोई मोजल्या जात. अर्धी दिली तरी एक जागा संपायची, म्हणून मुलींना सहसा पूर्णच मिळे. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही पद्धत गेली. तिथे दोन्ही संघांना खेळाडूंची कमाल संख्या दहा आणि शिष्यवृत्ती हवी तशी विभागून. कागदावर दहाच्या दहा जणींना पूर्ण देता येते. पण पैसा फुटबॉलकडे वळलेला असताना मुलीला चाळीस टक्क्यांची ऑफर येणंही आता नियमात बसतं. ‘मुलींना टेनिसमध्ये पूर्ण मिळतेच’ हा आपल्याकडे अजून ऐकू येणारा सल्ला आता जुना झाला. तडजोड न स्वीकारलेल्या विद्यापीठांना जुन्याच मर्यादा आहेत. त्यामुळे पहिल्याच फोनवर प्रशिक्षकाला विचारा की तुमचं विद्यापीठ तडजोडीत सामील आहे का.

दहाचा आकडा घट्ट आहे. अकराव्या खेळाडूला जागा नाही, आणि ट्रान्सफर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) तयार खेळाडू मिळाला की आपल्या मुलीसाठी तोंडी राखलेली जागा जाते. पूर्वी ‘नॅशनल लेटर ऑफ इंटेंट’ सही केलं की दोन्ही बाजू बांधल्या जात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते बंद झालं. आता आधार एकच, आर्थिक साहाय्याचा लेखी करार. त्यात वर्षं किती, टक्के किती, टक्के कशाचे (फक्त शिकवणी शुल्काचे की राहणं-जेवण-पुस्तकांसह) आणि दुखापत झाली तर काय, हे लिहिलेलं हवं. संघच बंद झाला तर काय, हेही विचारा. मार्च २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने याच तडजोडीच्या खर्चाचं कारण देऊन जलतरणाचा संघ बंद केला.

आणि व्हिसा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही आणि खेळाडूंच्या जाहिरात करारांसाठी त्यात वेगळी सूट केलेली नाही. शू कंपनीसाठी इन्स्टाग्रामवर रील करणं, दुकानाच्या उद्घाटनाला जाणं, पैसे घेऊन लहान मुलांना कोचिंग देणं, हे सगळं कामच. पैशांऐवजी रॅकेट आणि बूट मिळाले तरी मोबदला तो मोबदलाच. एनसीएएच्या दृष्टीने हे चालतं, म्हणून संघातले अमेरिकन सहकारी बिनधास्त करतात; आपला मुलगा त्यांचं पाहून करतो आणि त्याचं विद्यार्थी म्हणून असलेलं स्टेटस जाऊ शकतं. काँगोहून आलेला केंटकी विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू ऑस्कर शिब्वे याने २०२२ च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजला गेला असताना अमेरिकेबाहेर, तिथेच जाहिरातींचं काम उरकलं, ते याचसाठी. सुट्टीत पुण्यात येऊन इथल्या कंपनीसाठी केलेलं चित्रीकरण हा त्याच धर्तीचा मार्ग आहे. पण ते अमेरिकेत परतून पोस्ट करायचं की नाही, इतक्या बारीक गोष्टीवरही आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचा लेखी सल्ला घ्यावा. प्रशिक्षकाचा होकार इथे उपयोगाचा नाही.

अमेरिकेत जन्मलेल्या मराठी मुलांना व्हिसाची अडचण नाही, त्यांची अडचण करारातल्या कलमांची आहे. फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू गर्वॉन डेक्स्टर याने २०२२ मध्ये ४ लाख ३६ हजार ४८५ डॉलर घेतले आणि त्याबदल्यात व्यावसायिक फुटबॉलमधल्या पुढच्या २५ वर्षांच्या करपूर्व कमाईचे १५ टक्के लिहून दिले. पुढे त्याला न्यायालयात जावं लागलं. एक कोटी डॉलर कमावले तर पंधरा लाख द्यायचे, असा तो हिशेब. म्हणून मुदत पदवीपुरती आहे ना, ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘भविष्यातील उत्पन्न’ असे शब्द नाहीत ना, विद्यापीठ बदललं तर पैसे परत करायचे आहेत का, हे वकिलाकडून वाचून घ्यावं. हाती येणाऱ्या पैशातून कर आधी कापलेला नसतो. वर्षाला ४०० डॉलरच्या वर निव्वळ उत्पन्न गेलं की १५.३ टक्के स्वयंरोजगार कर, वर आयकर, आणि हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर, जानेवारीच्या १५ तारखेला. वीस हजार डॉलर मिळाले तर सहा-सात हजार बाजूला ठेवूनच उरलेल्यांना हात लावावा.

इथून जाणाऱ्यांसाठी शेवटचा कागद आय-२०, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र. व्हिसाच्या मुलाखतीला तो हातात असतो. त्यात एका बाजूला वर्षाचा अंदाजे खर्च आणि दुसऱ्या बाजूला तो कुठून भागणार हे छापलेलं असतं. ‘विद्यापीठाकडून’ या ओळीसमोरचा आकडा साहाय्याच्या लेखी कराराशी ताडून पाहा. प्रशिक्षकाने फोनवर सांगितलेली रक्कम या दोन्ही कागदांवर नसेल, तर व्हिसाची तारीख घेण्याआधी ती लेखी मागून घ्या.

आपला,
परदेशी क्रीडा शिष्यवृत्तीविषयी मार्गदर्शन करणारा एक वाचक, पुणे