भाजल्याच्या बातमीत केवळ टक्केवारी पुरेशी नाही

महोदय,

आगीत होरपळलेल्या व्यक्तीची बातमी बहुधा ‘अमुक टक्के भाजल्याने प्रकृती चिंताजनक’ एवढ्यावर संपते. जळीत कक्षात काम करणारी परिचारिका म्हणून मला ही माहिती अपुरी आणि काही वेळा दिशाभूल करणारी वाटते. रुग्णाच्या वयात भाजलेल्या भागाची टक्केवारी मिळवायची आणि धुराने श्वसनमार्गाला इजा झाली असेल, तर आणखी १७ गुण धरायचे, असा धोक्याचा एक ठोकताळा डॉक्टर वापरतात. त्यानुसार ४० टक्के भाजलेला ३० वर्षांचा तरुण ७० गुणांवर येतो, तर तेवढेच भाजलेले पण बंद खोलीत धुरात कोंडले गेलेले ६५ वर्षांचे गृहस्थ १२२ वर जातात. बातमीत मात्र दोघेही ४० टक्केच असतात.

धुराची इजा वरवर पाहता लक्षातही येत नाही. नाकातले केस करपलेले, आवाज घोगरा आणि थुंकीत काजळी असलेला रुग्ण दाखल होताना नीट बोलत असतो. पुढच्या काही तासांत घशाला सूज चढून त्याचा श्वास कोंडू शकतो, म्हणूनच अशा रुग्णाला वेळीच श्वासनलिकेत नळी घालावी लागते. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्यांना पहिल्या २४ तासांत शिरेतून भरपूर द्रव द्यावा लागतो, आणि त्यातला निम्मा पहिल्या आठ तासांत. हे आठ तास भाजल्या क्षणापासून मोजले जातात, त्यामुळे वाटेत गेलेला वेळ त्यातूनच वजा होतो. पुढे जंतुसंसर्गाचे संकट असते. ज्वाळांच्या जखमा बहुधा खोल असल्याने मृत त्वचा लवकर काढून त्वचारोपण करणे महत्त्वाचे ठरते, आणि आठवडाभराने रुग्ण सावरल्यासारखा दिसला, तरी रक्तात संसर्ग पसरून तो दगावू शकतो, हे नातेवाइकांना समजावणे फार जड जाते.

म्हणून आपल्या वार्ताहरांना कळकळीची विनंती आहे, की त्यांनी टक्केवारीसोबत वय, आग बंद जागेत लागली होती का आणि रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागला, हेही विचारावे. आणि भाजलेल्या भागावर पेस्ट किंवा बर्फ न लावता २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे, ही ओळ अशा प्रत्येक बातमीखाली चौकटीत छापावी.

आपली,
एक परिचारिका