टेक्ससच्या शाळेतला तो फॉर्म आणि जो बर्नाल

प्रिय सुहास,

घरात कोणती भाषा बोलता, असं विचारणारा फॉर्म शाळेने पाठवला आणि तू तिथे 'इंग्रजी' लिहून मोकळा होणार आहेस म्हणतोस. जरा थांब. तो फॉर्म आज टेक्ससमध्ये भरून घेतात, त्यामागे टेक्ससचा जुना आमदार जो बर्नाल याच्यासारख्या माणसांची खटपट आहे.

बर्नाल 1927 मध्ये सॅन अँटोनियोत जन्मला. शहराच्या वेस्ट साइडला, म्हणजे मेक्सिकन वस्तीत. तिथल्या सिडनी लॅनियर हायस्कूलमध्ये तो शिकला. स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. हा नुसता कुणा खाष्ट मास्तराचा जाच नव्हता, त्यामागे कायद्याचा जोर होता. 1918 पासून टेक्ससमध्ये शिक्षकाने वर्गात इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेत शिकवणं (परकीय भाषेचा तास वगळता) हा गुन्हा होता. पोराला समजावं म्हणून स्पॅनिशमध्ये गणित समजावणारी बाईसुद्धा कायद्याने दोषी!

सैन्यातली नोकरी, मग ट्रिनिटी विद्यापीठाची पदवी, मग शिक्षकी, मग वस्तीतल्या ग्वाडालुपे समाजकेंद्राचं काम, अशा वाटेने तो 1964 मध्ये विधानसभेवर आणि 1966 मध्ये राज्याच्या सिनेटवर निवडून गेला. त्याच वर्षी स्टार काउंटीत खरबुजाच्या मळ्यांवरचे मजूर संपावर गेले. मागणी ताशी 1.25 डॉलरची. संप मोडायला टेक्सस रेंजर्स हे राज्याचं पोलीस दल आलं, त्यांचा कॅप्टन ए. वाय. अली. 1967 मध्ये बर्नाल थेट तिथे जाऊन त्याला भिडला. सत्तेतल्या माणसाने स्वतःच्याच राज्याच्या पोलिसांशी उघड वाकडं घेणं सोपं नसतं. मजुरांनी केलेला दावा पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 1974 मध्ये पोलिसी दडपशाहीविरुद्धचा मनाई हुकूम तिथे कायम राहिला.

पण तुझ्या फॉर्मशी जोडलेलं काम आहे ते 1969 चं. बर्नाल सिनेटमधून आणि कार्लोस त्रुआन खालच्या सभागृहातून, अशा दोघांनी द्विभाषिक शिक्षणाचं विधेयक मंजूर करून घेतलं. त्यात एक मोठी गोम होती: शाळांना दुसऱ्या भाषेत शिकवायची मुभा मिळाली, सक्ती नव्हती. नुसत्या मुभेवर काय होणार? ज्या शाळांना नको होतं त्यांनी काहीच केलं नाही. माझ्या मते तरीही ती पायरी आधी चढणं शहाणपणाचं होतं. शिकवणं हाच गुन्हा असताना सक्तीचा कायदा कुणी मंजूर केला असता? 1972 मध्ये बर्नाल पक्षांतर्गत निवडणुकीत हरला, आणि 1973 मध्ये सक्ती आली तेव्हा तो सभागृहात नव्हता. नियम असा: एका इयत्तेत इंग्रजी कच्चं असलेली 20 किंवा जास्त मुलं असतील तर द्विभाषिक वर्ग चालवायचाच. 1918 ची बंदीही तेव्हा पुरती पुसली गेली. बर्नालने नंतर पीएच.डी. केली आणि राज्याच्या शिक्षण मंडळावरही निवडून गेला.

आता तुझं. 20 चा आकडा एकाच भाषेच्या, एकाच इयत्तेतल्या, पूर्ण शाळा-जिल्ह्यातल्या (म्हणजे एकाच कारभाराखालच्या सगळ्या शाळांतल्या) मुलांचा धरतात. मराठी मुलं तेवढी भरणं कठीण, म्हणून तुझ्या लेकीला मराठी वर्ग मिळणार नाही. मिळेल ती इंग्रजीची जादा मदत, म्हणजे ईएसएल. क्रम असा: फॉर्मवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा दिसली की शाळा इंग्रजीची चाचणी घेते, मग एक समिती निर्णय देते. त्या समितीत पालकही असतो. प्रवेशापासून चार आठवड्यांत हे सगळं व्हायला हवं. चाचणीत तिचं इंग्रजी पक्कं निघालं तर विषय तिथेच संपतो, तिच्यावर कुठला शिक्का बसत नाही.

लोक चुकतात ते इथेच. मूल मागे पडलेलं ठरेल या भीतीने 'इंग्रजी' लिहितात आणि खरोखर अडणाऱ्या मुलाची मदत जाते. मागाहून सुधारायचं तर लेखी अर्ज लागतो, तोही प्रवेशापासून दोन आठवड्यांच्या आत आणि चाचणी झालेली नसेल तरच. मदत नाकारायचा हक्क तुला आहेच. पण नाकारलीस तरी इंग्रजीची वार्षिक परीक्षा तिला द्यावीच लागेल, तेव्हा ती टाळण्यासाठी म्हणून नाकारू नकोस. तर घरात मराठी बोलता ना? मग मराठीच लिही.

तुझा,
अविनाश