टाचण्या ओळखायला शिकवणाऱ्या सरांस अनावृत आभारपत्र

आदरणीय सर,

सादर प्रणाम.

टाचण्यांची, म्हणजे चतुरासारख्या (ड्रॅगनफ्लाय) पण सडपातळ कीटकांची, छायाचित्रे मी आपल्याकडे पाठवत आलो, तेव्हा नुसते नाव कळवून आपण कधीच मोकळे झाला नाहीत; ते नाव कशावरून ठरवले हेही दर वेळी सविस्तर लिहिलेत. त्याबद्दल आपले जाहीर आभार मानावेत, म्हणून हे पत्र.

चतुर आणि टाचणी यांतला ढोबळ फरक मला ठाऊक होता: टाचणीचे डोळे एकमेकांपासून दूर असतात, चारही पंख बुडाशी निमुळते असतात आणि बसताना ती ते सहसा पाठीवर मिटून घेते. मात्र लेस्टिडी कुळातल्या अनेक टाचण्या पंख अर्धवट उघडे ठेवून बसतात, हे आपल्याकडून समजले.

रंगावर विसंबू नये, हा आपला आग्रह मला सर्वांत उपयोगी पडला. नुकतीच कात टाकून बाहेर आलेली टाचणी फिकट असते, तिचे पंख ओलसर काचेसारखे चकाकतात आणि पक्का रंग नंतर सावकाश चढतो. इश्नुरा या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे जीनसमध्ये) तर काही माद्या हुबेहूब नरासारख्या दिसतात आणि त्याच जातीच्या इतर माद्या तपकिरी किंवा नारिंगी असतात. म्हणून आधी उदराचा दुसरा-तिसरा खंड खालून पाहावा, तिथे नराच्या दुय्यम जननेंद्रियाचा उंचवटा दिसतो, आणि मग भिंगातून शेपटीचे टोक न्याहाळावे, असे आपण सुचवलेत. दहाव्या खंडाच्या टोकाशी असलेल्या चिमट्याने नर मादीला मानेमागे, पूर्ववक्षाशी (छातीच्या सर्वांत पुढच्या खंडाशी) पकडतो. या चिमट्याच्या वरच्या आणि खालच्या जोडीची लांबी नि बाक जातीनुसार बदलतो, त्यामुळे रंगाने चकवलेली ओळख तिथे बहुतेकदा पक्की होते.

छायाचित्र स्वच्छ असूनही आपण कधी कधी 'प्रजातीपर्यंतच सांगता येईल' एवढेच लिहीत असा. सुरुवातीला त्याचा मला थोडा रागच येई (नाव मिळाल्याशिवाय चैन पडत नसे ना!), पण आज आपल्या उत्तरांपैकी तीच मला सर्वांत मोलाची वाटतात.

सोबत नव्या टाचण्यांची छायाचित्रे पाठवत आहे. आपण सांगितल्याप्रमाणे अंगाच्या पातळीवरून बाजूने, वरून आणि शेपटीच्या टोकाचे जवळून, अशी तिन्ही घेतली आहेत; माद्यांच्या पूर्ववक्षाची वेगळी जोडली आहेत. सवडीने पाहावीत, ही विनंती.

आपला ऋणी,
एक टाचणी-निरीक्षक